डोक्यातला फुगा नुसत्या बीपीनं फुटत नाही: पेशीतल्या चुलवाणाची गोष्ट

२०२५ च्या जूनमध्ये सलमान खान कपिल शर्माच्या शोमध्ये बोलता बोलता सांगून गेला की त्याला ब्रेन अ‍ॅन्युरिझम आहे, आणि सोमवारी माझ्या बारावीच्या वर्गात पहिला प्रश्न तोच आला, "सर, अ‍ॅन्युरिझम म्हणजे काय, गाठ असते काय ती?" मी बायोलॉजी शिकवतो, फळ्यावर चित्र काढून उत्तर दिलं. पण मला तो शब्द त्याच्या आधीपासून माहीत होता, कारण माझ्या आत्याच्या डोक्यात अ‍ॅन्युरिझम, म्हणजे धमनीच्या भिंतीला आलेला फुगा, फुटला होता.

आत्या कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेत राहते. सकाळी भाकऱ्या थापताना एकदम डोक्यात कुणीतरी दगड घातल्यासारखं झालं म्हणाली, मग उलटी, मान धरली. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, पित्त चढलंय म्हणून इंजेक्शन दिलं, घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी परत तसंच झालं आणि ह्यावेळी शुद्धच गेली. मग सीटी स्कॅन, मग ब्रेन हॅमरेज, मग ऑपरेशन. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर माझा आत्तेभाऊ एकच गोष्ट विचारत होता, "आईचं बीपी तर गोळीनं कंट्रोलमध्ये होतं, मग फुटलं कसं?"

त्या दिवशी मला त्याला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर बरंच वाचलं. हा लेख म्हणजे त्याच प्रश्नाचं उत्तर आहे, जरा लांबलंय, पण घाई केली तर ते कळत नाही.

आधी फुगा म्हणजे काय ते बघू

मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या चार. दोन मानेच्या पुढच्या बाजूनं वर जातात, दोन मणक्याच्या कडेनं. कवटीच्या तळाशी त्यांच्या शाखा एकमेकींना जोडल्या जाऊन एक कडं तयार होतं, शहराच्या रिंगरोडसारखं, त्याला विलिसचं कडं म्हणतात. थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १६६४ साली त्याचं नीट वर्णन केलं म्हणून. मेंदूतले बहुतेक फुगे ह्या कड्यावर किंवा त्याच्या आसपास येतात, आणि तेही कुठंही नाही, जिथं धमनीला दोन फाटे फुटतात तिथं.

का ते बघायचं असेल तर पावसाळ्यात शिवाजी पुलावर उभं राहून खाली बघा. पंचगंगेचं पाणी दगडी खांबाच्या नाकावर येऊन आपटतं आणि मग दोन्हीकडं फाकतं. धमनीच्या फाट्यावर रक्ताचं तसंच होतं, आणि हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा धडकतं म्हणजे तेवढे धक्के रोज त्या एका बिंदूवर. त्यात मेंदूतल्या धमन्या शरीरातल्या इतर धमन्यांपेक्षा पातळ, बाहेरचा एक लवचिक पडदा त्यांना नसतोच, आणि आजूबाजूला आधाराला मांस नाही, पाण्यासारख्या द्रवात त्या तरंगत असतात. ह्या जागी भिंत बाहेर येऊन जो छोटा गोळा होतो तो अ‍ॅन्युरिझम, गाठ नव्हे, कॅन्सर तर नव्हेच. आतून पोकळ, रक्तानं भरलेला फुगा.

शंभर मोठ्या माणसांमागं साधारण तिघांना असा फुगा असतो, आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही कारण तो फुटतच नाही. पण फुटला तर रक्त मेंदू आणि त्याच्या आवरणाच्या मधल्या जागेत पसरतं, डॉक्टर त्याला सबअ‍ॅरॅक्नॉइड हॅमरेज म्हणतात, मी पुढं नुसता रक्तस्राव म्हणेन. त्यात साधारण तिघांतला एक जण वाचत नाही, आणि वाचलेल्यांतल्या बऱ्याच जणांचं आयुष्य पहिल्यासारखं राहत नाही.

धमनी म्हणजे पाइप नव्हे, तालीम आहे

आपण शाळेपासून रक्तवाहिनी म्हणजे नळी असं चित्र डोक्यात घेऊन बसलोय, आणि खरी गडबड तिथंच होते. नळी म्हटलं की वाटतं दाब वाढला, नळी फुगली, फुटली, संपलं. पण पीव्हीसी पाइप जिवंत नसतो, धमनीची भिंत जिवंत असते.

तिच्यात आत एक पेशीएवढ्या जाडीचं अस्तर असतं, मग एक लवचिक पडदा, मग स्नायूपेशींचा थर, आणि बाहेरून कोलॅजेन नावाच्या चिवट प्रोटीनच्या दोऱ्यांचं वेष्टण. ह्यात माझ्या मते खरा नायक स्नायूपेशी. तिला आपण तालमीतला पैलवान समजू. रक्ताचा दाब आतून ढकलतो, हे पैलवान गोलाकार उभे राहून उलटा जोर लावतात. आणि पैलवान नुसता जोर लावत नाही, गंगावेशीच्या नाहीतर मोतीबागेच्या तालमीत जाऊन बघितलं असेल तर माहीत असेल, हौद्यातली लाल माती उकरायची, तिच्यात ताक तेल हळद घालायची, मळायची, ते पण पैलवानच करतात. धमनीतल्या स्नायूपेशी तसंच करतात, भोवतीचं कोलॅजेन आणि लवचिक धागे त्याच तयार करतात आणि त्याच डागडुजी करत राहतात. म्हणजे पैलवान गेले की नुसती ताकद जात नाही, मातीची निगा पण बंद होते.

मरायच्या आधी ह्या पेशी आणखी एक गोष्ट करतात. सततच्या ताणाखाली त्या जोर लावणं सोडून देतात आणि वेगळ्याच कामाला लागतात. सुरुवातीला डागडुजीचं काम वाढवतात, ते ठीक आहे, पण ताण तसाच राहिला तर त्यांच्यातूनच कोलॅजेन कापणारी एन्झाइम बाहेर पडायला लागतात. ज्यानं माती मळायची तोच हौदा उकरून टाकायला लागला अशी अवस्था. आता पेशी अशा का बदलतात, आणि शेवटी मरतात का, ह्यासाठी त्यांच्या आत जावं लागतं.

पेशीतलं चुलवाण

मायटोकाँड्रिया हा शब्द पुस्तकात तंतुकणिका म्हणून आहे आणि पुढं लिहिलेलं असतं "पेशीचे ऊर्जाकेंद्र", पोरं ते पाठ करतात आणि दोन मार्क घेतात. मला ते वाक्य कधी पुरेसं वाटलं नाही, म्हणून मी वर्गात गुऱ्हाळाची गोष्ट सांगतो.

करवीर, पन्हाळा, कागल कुठल्याही बाजूला गुऱ्हाळावर गेलात तर वर काहिलीत रस उकळत असतो आणि खाली चुलवाणात चिपाडं जळत असतात. चिपाडं वाळलेली असली, हवा बरोबर मिळाली, जाळ घालणारा गडी हाताचा पक्का असला की जाळ एकसारखा राहतो. ओली चिपाडं कोंबली किंवा हवेची वाट बुजली की काळा धूर, ठिणग्या, आणि वर रस नीट कढत नाही. मायटोकाँड्रिया हे पेशीचं चुलवाण. साखर आणि चरबीचे तुकडे हे चिपाड, श्वासातला ऑक्सिजन ही हवा, आणि जी उष्णता कामाला येते ती इथं एटीपी नावाच्या रेणूच्या रूपात मिळते, पेशीचं रोखीचं चलन समजा. एकेका पेशीत अशी शेकडो चुलवाणं असतात, काही पेशींत हजारो.

चांगल्यात चांगल्या चुलवाणातूनही थोड्या ठिणग्या उडतातच. पेशीतल्या ठिणग्यांना फ्री रॅडिकल म्हणतात, म्हणजे ऑक्सिजनचे असे तिरसट रेणू जे शेजारी दिसेल त्याला चिकटतात आणि बिघडवतात. थोड्या असतील तर पेशीकडं त्या विझवायची सोय आहे, थोड्या ठिणग्या तर निरोप्याचं कामही करतात. पण मायटोकाँड्रिया बिघडले की दोन गोष्टी एकदम होतात, एटीपी कमी आणि ठिणग्या जास्त. आणि मायटोकाँड्रियाचा स्वतःचा डीएनए असतो, ३७ जनुकांची छोटीशी वही, ती ठेवलेली कुठं तर चुलवाणाच्या तोंडाशीच. ठिणग्यांनी वही जळते, वही जळाली की पुढचं चुलवाण वाकडंच बांधलं जातं, ते आणखी ठिणग्या सोडतं.

निरोगी पेशी ह्यावर उपाय करते. बिघडलेलं चुलवाण ओळखून मोडून टाकते आणि त्याचा माल परत वापरते. ही साफसफाई वयानुसार मंदावते. सिगरेट-बिडीचा धूर, सतत वाढलेलं बीपी, भिंतीतली सूज ह्यांनी एकीकडं ठिणग्या वाढतात आणि दुसरीकडं साफसफाईवर ताण येतो.

पेशी मरते म्हणजे नक्की कशी मरते

इथं मला राधानगरी आठवते. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठरलेल्या पातळीला गेलं की ते आपोआप उघडतात, कुणाला विचारत नाहीत. दर पावसाळ्यात ती बातमी आली की नदीकाठची गावं सावध होतात.

मायटोकाँड्रियाच्या भिंतीतही असं एक उघडणं असतं. आत सायटोक्रोम सी नावाचं एक प्रोटीन ऊर्जा तयार करायच्या साखळीत हमाली करत असतं, आत आहे तोवर साधा गरीब कामगार. पेशीचं नुकसान, ठिणग्या, कॅल्शियमचा लोंढा हे सगळं एका पातळीच्या वर गेलं की मायटोकाँड्रियाच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पडतात आणि सायटोक्रोम सी बाहेर येतं. बाहेर आल्यावर त्याच प्रोटीनचा अर्थ बदलतो, ते मरणाचा हुकूम होतं. त्याच्या इशाऱ्यावर कात्रीसारखी एन्झाइम जागी होतात आणि पेशी आतून पद्धतशीर मोडली जाते. हे काम सायटोक्रोम सी करतं हे १९९६ साली शाओडाँग वांग ह्यांच्या टीमनं अमेरिकेत दाखवलं, त्याच्या आधी कुणाला पटलं नसतं की रोजची ऊर्जा करणारा कामगार असा उलटू शकतो. मला हा शोध अजूनही थक्क करतो. राधानगरीत आणि ह्यात फरक एवढाच की तिथं पाणी उतरलं की दरवाजे परत बंद होतात, इथं बहुतेक वेळा परत फिरता येत नाही.

ह्या शिस्तीच्या मरणाला अ‍ॅपॉप्टोसिस म्हणतात, १९७२ मध्ये हे नाव ठेवलं गेलं, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. शांतपणे, शेजाऱ्याला त्रास न देता गळून पडणं. पण पेशी नेहमी अशी शांत मरत नाही. कधी ती फुटून मरते आणि आतला माल बाहेर सांडतो, मग तिथं सूज येते. कधी ती मुद्दाम धोक्याचा भोंगा वाजवत फुटते, म्हणजे संरक्षण करणाऱ्या पेशींना बोलावत. आणि एक प्रकार लोखंडामुळं होतो, पेशीच्या पडद्यातली चरबी लोखंडाच्या संगतीनं जणू गंजते आणि पडदा फाटतो, ह्या प्रकाराला २०१२ मध्ये नाव मिळालं. नावं लक्षात नाही राहिली तरी चालतील, लोखंडाची गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग फुगा तयार कसा होतो

आता सगळे धागे एकत्र. फाट्यावर रक्ताचा मारा बसतो, आधी अस्तराच्या पेशी दुखावतात. त्या रसायनं सोडून मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशींना बोलावतात. त्या येतात आणि सफाईच्या नावाखाली स्वतःही ठिणग्या आणि कोलॅजेन कापणारी एन्झाइम सोडतात. लवचिक पडदा तुटतो. मधल्या थरातल्या स्नायूपेशींचे मायटोकाँड्रिया ह्या सगळ्या माऱ्यात बिघडायला लागतात, पैलवानांची खुराक बंद होते, ते काम बदलतात, मग एकेक करून मरतात. भिंत पातळ होते, बाहेर येते.

फुगा आला की आतला प्रवाहही बदलतो. काही भागात रक्त जोरात घासून जातं, काही भागात नुसतं घोळत राहतं. घोळणाऱ्या रक्ताजवळचं अस्तर खराब होतं, तिथं गुठळी चिकटते, आणि गुठळी म्हणजे परत सूज आणि परत ठिणग्या. त्यात मेंदूतल्या धमन्यांच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या जवळजवळ नसतातच, भिंतीला ऑक्सिजन मिळतो तो मुख्यतः आतल्या रक्तातून झिरपून. भिंत कुठं जाड झाली किंवा आत गुठळी बसली की तो झिरपायलाही अडथळा, म्हणजे चुलवाणाची हवाच बंद.

हे नुसतं कल्पनेतलं चित्र नाही. फिनलंडमधल्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या फुग्यांच्या भिंती सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, २००४ मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. फुटलेले आणि न फुटलेले दोन्ही होते. फुटलेल्यांत अस्तर गेलेलं, पेशी कमी झालेल्या, भिंतीचा साचा विस्कटलेला, मॅक्रोफेज घुसलेले, हे जास्त दिसलं. सगळ्यात वाईट भिंत कशी, तर अतिशय पातळ, जवळजवळ बिनपेशींची, आतून गुठळीचं अस्तर लागलेली. तालीम उभी आहे पण आत एकही पैलवान नाही.

आधी पेशी मेल्या का आधी फुगा आला?

हा आक्षेप योग्यच आहे, माझ्या वर्गातल्या एका मुलीनं अगदी हेच विचारलं. फुटलेल्या फुग्यात मेलेल्या पेशी सापडल्या म्हणून त्याच कारण असं कसं म्हणता येईल, फुटल्यामुळंच मेल्या असतील की.

माणसात फुगा तयार होताना बघता येत नाही, म्हणून उंदरांकडं जावं लागतं. जपानमध्ये क्योतोच्या संशोधकांनी १९७८ मध्ये उंदरांच्या मेंदूत प्रयोगानं फुगे तयार करायची पद्धत दाखवली, बीपी वाढवून आणि मानेतली एक धमनी बांधून. त्या पद्धतीमुळं फुगा घडतानाचे टप्पे बघता आले, आणि १९९८ मध्ये अशाच उंदरांत फुगा तयार होतानाच स्नायूपेशी अ‍ॅपॉप्टोसिसनं मरताना दिसल्या, म्हणजे फुटायच्या कितीतरी आधी. पुढं २००९ मध्ये जपानमध्येच ठिणग्या विझवणारं एडाराव्होन नावाचं औषध उंदरांना देऊन बघितलं तर फुग्यांची वाढ कमी झाली. म्हणजे ठिणग्या नुसत्या साक्षीदार नाहीत, गुन्ह्यात सामील आहेत.

तरी मी इथं हात राखून बोलतो. उंदीर माणूस नव्हे. आणि ठिणग्या मायटोकाँड्रियातूनच येतात असंही नाही, पेशीत त्या तयार करणारी दुसरी एन्झाइमही आहेत, एकमेकांना पेटवत राहतात. मायटोकाँड्रिया ह्या गोष्टीत एकटा आरोपी नाही. पण ऊर्जा, ठिणग्या, कॅल्शियम आणि मरणाचा हुकूम ह्या चारही वाटा त्याच्या दारातून जातात, म्हणून त्याच्याकडं आज इतकं लक्ष आहे.

बीपी कंट्रोलमध्ये होतं, मग?

आता आत्तेभावाचा प्रश्न. बीपीचा दोष नाही असं मी अजिबात म्हणत नाही, बीपी आणि धूम्रपान ही दोन सगळ्यात मोठी कारणं आपल्या हातातली आहेत. पण फुटणं म्हणजे दोन बाजूंची कुस्ती, आतला दाब आणि भिंतीची ताकद. आपण मशीन लावून फक्त एक बाजू मोजतो.

आपल्याकडं पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका हे लहान पोरालाही पाठ असतं. पण २०१९ चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना हेही माहीत आहे की मातीची घरं पाणी चढताना जेवढी पडतात तेवढीच पाणी उतरल्यावर पडतात. तेव्हा पातळी कमीच असते, भिंत आतून भिजून गेलेली असते. आत्याचं बीपी बारा वर्षांचं, पहिली काही वर्षं तिनं गोळी कधी घेतली कधी सोडली. नंतर दाब कंट्रोलमध्ये आला, पण त्याआधी भिंतीतल्या ज्या पेशी गेल्या त्या परत येत नाहीत.

शिवाय फुगा जसा मोठा आणि पातळ होतो तसा त्याच बीपीला भिंतीवरचा ताण वाढतो. जत्रेतला फुगा फुगवताना पहिली फुंकर जड जाते आणि नंतर सोपं होतं, तसंच. म्हणून आकडा नॉर्मल असूनही फुटू शकतो. ह्याचा अर्थ गोळी बंद करा असा कुणी काढू नये, उलट गोळी लवकर सुरू करून रोज घ्यायची गरज ह्यातूनच कळते. बायकांना हे फुगे पुरुषांपेक्षा जास्त होतात, विशेषतः पाळी गेल्यावर, आणि आपल्या घरात सगळ्यांच्या गोळ्या लक्षात ठेवणारी बाई स्वतःची गोळी विसरते, हे मला फार लागतं.

फुटल्यावर दुसरी लढाई

आतापर्यंत भिंतीतल्या पेशींचं बोललो. फुटल्यावर मेंदूच्या पेशींवर येतं. मेंदू वजनानं शरीराच्या दोन टक्के आणि ऑक्सिजन खातो वीस टक्के, म्हणजे इथली चुलवाणं कायम जोरात पेटलेली. फुगा फुटला की कवटीतला दाब एकदम वाढतो, काही वेळ मेंदूला रक्तच पुरत नाही, चुलवाणं विझायला लागतात. एटीपी संपला की पेशीचे पंप बंद पडतात, कॅल्शियम आत घुसतं, मायटोकाँड्रिया ते पोटात घेऊन घेऊन फुगतात आणि दरवाजे उघडतात.

मग सांडलेलं रक्त. त्यातल्या तांबड्या पेशी पुढच्या दिवसांत फुटतात, हिमोग्लोबिन सुटतं, त्यातून लोखंड सुटतं. लोखंडानं पडदे गंजवणारं जे मरण मघाशी सांगितलं ते इथं कामाला येतं. साधारण चौथ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत रक्तवाहिन्या आकसायचा धोका असतो, मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त कमी पडू शकतं. म्हणून ऑपरेशन छान झालं असं सांगूनही डॉक्टर पेशंटला आयसीयूतून सोडत नाहीत आणि नातेवाईक बाहेर चिडतात, आम्हीही चिडलो होतो.

ह्या काळात निमोडिपिन नावाचं औषध देतात, नेहमीच्या पद्धतीत दर चार तासांनी, एकवीस दिवस. १९८९ मध्ये छापून आलेल्या ब्रिटिश चाचणीत ५५४ पेशंट होते, त्यात औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशाच गोळीवर असलेल्यांपैकी ३३ टक्क्यांच्या मेंदूत रक्त न पोचल्यानं मेलेला भाग तयार झाला, निमोडिपिनवर २२ टक्क्यांच्या. गंमत अशी की हे औषध आकसलेल्या मोठ्या वाहिन्या फारशा उघडताना दिसत नाही, तरी पेशंटला फायदा होतो. ते कॅल्शियमची वाट अडवतं, त्यामुळं पेशींना थेट संरक्षण मिळत असावं हा एक पटण्यासारखा खुलासा आहे. आत्याला घरी सोडल्यावरही ह्या औषधाचे काही दिवस राहिले होते, आत्तेभाऊ रात्री दोनचा अलार्म लावून उठायचा.

मायटोकाँड्रिया आईकडून येतात, मग फुगाही आईकडूनच?

नाही. मायटोकाँड्रियातली ३७ जनुकं आईकडून येतात हे खरं, पण मायटोकाँड्रिया चालवायला लागणारी हजाराहून जास्त प्रोटीनं पेशीच्या मुख्य डीएनएवर लिहिलेली असतात, ती आई-वडील दोघांकडून. फुग्याचा घराण्यातला धोका दोन्ही बाजूंनी येऊ शकतो. सख्ख्या नात्यात, म्हणजे आई-वडील, भावंडं, मुलं ह्यांत दोन किंवा जास्त जणांना असेल तर बाकीच्यांची तपासणी साधारणपणे सुचवली जाते. मूत्रपिंडात पाण्याच्या पिशव्या होण्याचा जो आनुवंशिक आजार आहे त्यातही धोका जास्त असतो, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

मग मायटोकाँड्रियाच्या गोळ्या घेऊ का?

हा प्रश्न मला शेजाऱ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली जाहिरात दाखवून विचारला. कोक्यूटेन, अँटिऑक्सिडंट, अमुक पावडर, "पेशींना नवी ऊर्जा". फुगा अशा गोळीनं बरा होतो किंवा फुटायचा थांबतो असं माणसांत सिद्ध झालेलं नाही, तेवढे पैसे बीपीच्या मशीनवर घाला. उंदरात चाललेलं माणसात चालतंच असं नाही हे ह्या आजारानं फार वेळा शिकवलंय. रक्तस्रावानंतर मेंदू वाचावा म्हणून मॅग्नेशियमवर आशा होती, २०१२ च्या मोठ्या चाचणीत फायदा झाला नाही. सिमव्हास्टॅटिनवर आशा होती, २०१४ मध्ये तीही गेली. दोन्हीच्या मागं सुंदर तर्क होता.

अडचण मुळातच आहे. ठिणग्या सगळ्या विझवायच्या नसतात, पेशीमृत्यू पूर्ण थांबवायचा नसतो, तो थांबला तर कॅन्सर वाढतो. औषध हवं ते बरोबर त्या दोन-चार मिलिमीटरच्या फुग्याच्या भिंतीत, बरोबर त्या पेशीत, बरोबर वेळेला. बिघडलेल्या चुलवाणांची साफसफाई वाढवणं, मायटोकाँड्रियातच जाऊन बसणारे ठिणगी विझवणारे रेणू, लोखंडाला बांधून ठेवणारे रेणू, ह्या वाटांवर काम चालू आहे. बिडी सोडणं मात्र आजच हातात आहे, ते सोडल्यावर मायटोकाँड्रियावरचा रोजचा मारा थांबतो, ह्यासाठी कुठल्या चाचणीची वाट बघायला नको.

तपासणीत फुगा सापडला तर?

दुसऱ्याच कशासाठी एमआरआय काढला आणि फुगा दिसला असं आजकाल बऱ्याच जणांचं होतं आणि घरात सुतक पडल्यासारखं होतं. लहान फुग्यांत वर्षाला फुटायची शक्यता बहुतेकदा एक टक्क्याच्याही खाली असते. डॉक्टर आकार बघतात, सात मिलिमीटर ही एक महत्त्वाची रेघ समजली जाते, जागा बघतात, वय, बीपी, आधी कधी रक्तस्राव झालाय का हे बघतात, आणि मग ठरवतात की नुसतं लक्ष ठेवायचं का काही करायचं. पण लहान फुगेही फुटतात आणि मोठे वर्षानुवर्षं गप्प बसतात, कारण आकार बाहेरून मोजता येतो, भिंतीत किती पेशी जिवंत आहेत ते मोजता येत नाही. भिंतीतली सूज दाखवायचा प्रयत्न करणारे खास एमआरआय आता होतात, मला वाटतं पुढची मोठी सुधारणा तिथून येईल.

करायचं ठरलं तर दोन मुख्य वाटा. एक कवटी उघडून फुग्याच्या मानेला क्लिप लावायची, वॉल्टर डँडी ह्यांनी १९३७ मध्ये पहिल्यांदा लावली. दुसरी मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून फुग्यात प्लॅटिनमच्या तारेचं वेटोळं भरायचं, ही पद्धत इटालियन डॉक्टर गुग्लिएल्मी ह्यांनी १९९० च्या सुमारास आणली. काही फुग्यांत धमनीच्या आतून जाळीची नळी बसवून प्रवाहच वळवतात, मग त्या जाळीवर नवीन अस्तराच्या पेशी उगवतात. ह्या तिसऱ्या वाटेत शेवटी बरं करणाऱ्या परत जिवंत पेशीच आहेत, म्हणून मला ती फार आवडते.

पित्त आणि हे, फरक कसा ओळखायचा

पित्ताचं किंवा अर्धशिशीचं डोकं हळूहळू चढतं. हे एका क्षणात येतं, मिनिटाच्या आत टोकाला जातं, आणि माणूस म्हणतो असं आयुष्यात कधी दुखलं नव्हतं. सोबत उलटी, मान आखडणं, उजेड सहन न होणं, चक्कर किंवा फिट. कधी एका डोळ्याची पापणी अचानक खाली पडते आणि त्या डोळ्याची बाहुली मोठी दिसते, हे तर न फुटलेल्या फुग्याचंही लक्षण असू शकतं. असं काही झालं तर बाम चोळत बसू नका, १०८ ला फोन करा, आणि जिथं सीटी स्कॅन आहे अशाच ठिकाणी न्या. पहिल्या चोवीस तासांत परत फुटायचा धोका सगळ्यात जास्त असतो. दवाखान्यात पहिलं वाक्य "डोकं दुखतंय" असं बोलू नका, "एकदम, एका क्षणात दुखायला लागलं" असं बोला, त्या एका शब्दानं डॉक्टरचा विचार बदलतो. आम्ही "डोकं दुखतंय, उलटी झाली" एवढंच सांगितलं होतं.

आत्या आता घरी आहे. डाव्या हाताची पकड पहिल्यासारखी नाही, भाकरी थापायला सून मदत करते, बोलणं स्वच्छ आहे. तिच्या डोक्यात टायटॅनियमची क्लिप आहे आणि त्या क्लिपचं एक कार्ड दवाखान्यानं दिलंय, पुढं कधी एमआरआय काढायचा झाला तर आधी ते दाखवायचं असतं. ते कार्ड तिनं पर्समध्ये अंबाबाईच्या फोटोच्या मागं ठेवलंय, आणि बाहेर पडताना आहे का नाही ते दोनदा बघते.